पिवळा झेंडा

टेबलटॉपच्या उजव्या अंगाला
डांबराच्या दोन पिंपांवर फळी टाकली आहे.
रविवारी तीन ते सहा मी त्या फळीवर.
अलीकडे चढ, पलीकडे उतार,
चढणाऱ्याला उतार दिसत नाही.
मला दोन्ही दिसतं. एवढंच माझं काम.

आंबोळगडच्या वरच्या सड्यावर ही चिऱ्याची खाण होती.
चिरे गेले घाटावर, कुणाकुणाच्या बंगल्यांना.
मागे राहिले चौकोनी खड्डे
आणि मालक बाबू तिर्लोटकर,
ज्याला खड्ड्यांचं काय करावं ते कळेना.
प्रज्योतने विचारलं, आम्ही उड्या मारू?
"मारा. पण मेलात तर माझ्या नावावर नको."
शोभाताईंनी ते वाक्य तारखेसह
वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं.
तीच आमची घटना.

वर्गणी महिन्याला शंभर.
देत नाही तो फावडं मारतो.
देतो तोही मारतो.
चार महिने पाण्याने चाटून बसके केलेले चढ
दिवाळी सरली की पुन्हा उभे करायचे:
अफान काझीचा जेसीबी दोन तास, डिझेल आपलं;
कलमांना पाणी घालणारा टँकर धूळ बसवायला,
जरा जास्त सुटला की सगळ्याचा लाल शिरा;
टायर एसटी डेपोतले, वळणावर पेंढ्याचे भारे,
सुरुवातीचं गेट भंगारातल्या पाइपांचं,
कधी पडतं, कधी नाही,
मग सगळे एकमेकांकडे बघून निघतात.
आणि मुळ्ये सिस्टर,
ज्या आधी ओरडतात, मग पट्टी बांधतात.

चाक जमिनीपासून सुटलं
की इंजिनचा आवाज मोकळा होतो,
डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखा.
मागे समुद्राची पट्टी.
कधी कधी दोन चाकांच्या मधून
एक ट्रॉलर जाताना दिसतो, अगदी सावकाश,
आणि तेवढ्यात गाडी खाली.

मी एकदाच उडाले. बेचाळिसाव्या वर्षी,
पोस्टातून रजा काढून.
सगळे म्हणतात, दीड फूट असेल.
असेल.

परवा यतीन भाटकरचं पुढचं चाक आधी टेकलं.
उताराच्या मध्यावर गाडी आडवी,
गाडीखाली यतीन,
आणि अलीकडे अफान, तिसऱ्या गिअरमध्ये, चढाला लागलेला.

मी झेंडा मारला दोन्ही हातांनी,
सुकत घातलेल्या माशांवरून कावळे हाकलतात तसा.
तोंडाने काय ओरडले ते आठवत नाही.
मुळ्ये सिस्टरना आठवतं, पण त्या सांगत नाहीत.
अफानच्या हातून गॅस सुटला.
त्याची गाडी उडाली नाही, माथ्यावरून नुसती ओघळली,
डाव्या कडेने,
यतीनच्या बुटापासून हातभर.

यतीनचा पहिला शब्द: "हँडल वाकलं काय?"
सिस्टर म्हणाल्या, हाड शाबूत आहे,
आता डोकं कुठे सापडतंय का बघते.

अफान हेल्मेट काढून बराच वेळ
चढाखाली उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.
संध्याकाळी डबे उघडले तेव्हा
त्याने काही न बोलता आपल्यातला तळलेला बांगडा
माझ्या झाकणात टाकला.
शेपटीकडचा नव्हे, मधला.

शोभाताईंनी वही मिटायच्या आधी लिहिलं:
डिझेल बाराशे.
पेंढा दोन भारे.
पिवळा, एकदा.

घरी येऊन मी झेंडा धुतला.
लाल पाणी मोरीतून किती वेळ जात राहिलं.
कापड म्हणायला झेंड्याचं; खरं तर ती
भाऊच्या समुद्रावरच्या रेनकोटची पाठ आहे,
गेल्या वर्षी न विचारता कापलेली.
तो अजून शोधतो.
परवाही विचारत होता, नाट्याच्या धक्क्यावर निघताना,
ताये, माझा पिवळा कुठं बघितलास?
बघते रे, म्हटलं मी.
बघतेच आहे.